तेरा पायऱ्यांची शिडी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. रोमजवळच्या टस्कुलमच्या टेकडीवर, याच घरात हे घडलं, माझ्या आत्याच्या बाबतीत. तिने ते मला दर हिवाळ्यात सांगितलं, आणि सांगण्यातला एक शब्दही कधी बदलला नाही.

भुतं रात्री येतात म्हणे. ही सकाळ होती.

कॅनीच्या मैदानात हॅनिबलने आपली फौज कापून काढली, त्या वर्षीचा डिसेंबर. आत्याचा, म्हणजे ओपियाचा नवरा नुमेरियस त्या लढाईवरून परतला नव्हता. "पडताना पाहिला," एवढंच गावातल्या एका जखमी शिपायाने सांगितलं होतं. लढाईनंतर घरोघरी आक्रोश चालला होता. शेवटी सिनेटने फर्मान काढलं... शोक तीसच दिवस.

तिसाव्या दिवशी सासरे मानियस यांनी रिकाम्या थडग्यापाशी मुलाचे अंत्यविधी उरकले. मेलेल्याला तीनदा नावाने हाक मारायची आणि दर हाकेनंतर थांबून ऐकायचं, ही आमची रीत.

त्यांनी तिन्ही हाका एका दमात मारल्या.

"मामंजी, जरा थांबायचं होतं," ओपिया म्हणाली.

"थांबून काय ऐकायचं होतं, सूनबाई?" म्हातारा रडत होता.

हॅनिबलने कैदी सोडायची तयारी दाखवली होती; सिनेटने खंडणी नाकारली. त्या कैद्यांत आपला माणूस असेल, ही आशा ओपिया मनातच ठेवून होती.

मग डिसेंबरातली ती सकाळ उजाडली. धुकं इतकं दाट, की अंगणातलं अंजिराचं झाडही दिसेना. ओपिया चूल पेटवत होती.

आणि दारावर थाप पडली...

एकच.

"ओपिया... अगं, दार उघड. पाय गारठलेत."

आवाज त्याचा होता. तोच, किंचित घोगरा.

ती धावली. पण तिच्याआधी मानियस दाराला पाठ लावून उभे राहिले.

"मामंजी, बाजूला व्हा!"

"वेडी आहेस का? विधी झालेत त्याचे."

ज्याचे विधी झाले, तो जिवंत परतला तरी दारातून आत येत नाही. आला, तर त्याच्यामागून मरण आत शिरतं. त्याने छतावर चढायचं आणि मधल्या उघड्या चौकातून दोराने खाली हौदापाशी उतरायचं. घरच्यांनी त्याला नवजात बाळासारखं झेलायचं. मग तो पुन्हा जिवंतांतला.

"पोरा," मानियस दाराआडूनच ओरडले, "मागच्या भिंतीला शिडी आहे. वरून ये."



"बाबा, शिडी?" बाहेरचा आवाज क्षीण हसला. "माझं आणि शिडीचं वाकडं, विसरलात?"

खरंच होतं ते. घरची कौलं दरवर्षी ओपियाच चाळायची. नुमेरियस खाली शिडी धरून उभा राही आणि म्हणे, "राणीसरकार, खाली पाहू नका, तुमचा शूर शिपाई घाबरतो." तिसऱ्या पायरीच्या वर तो जन्मात कधी गेला नव्हता.

"चढ रे," ती कळवळून म्हणाली. "माझ्यासाठी चढ. मी खाली आहे. मी झेलते तुला."

तिने आढ्याला दोर बांधला, त्याचं टोक धरलं, आणि हौदात पाय रोवून वर पाहू लागली. चौकोनी आभाळात नुसतं धुकं.

शिडी करकरली...

एक.

दोन.

तीन.

मग काहीच नाही.

"ओपिया... पाय उचलत नाही गं."

"मामंजी, मी बाहेर जाऊन त्याला धरते! तो घाबरतोय!"

"दार उघडायचं नाही!" म्हाताऱ्याने अडसर दोन्ही हातांनी दाबून धरला. "जिवंत असेल तर चढेल."

"आणि नाही चढला तर? तो जिवंत असतानासुद्धा चढला नसता, मामंजी!"

मानियसनी अडसर सोडला नाही.

ती दोर धरून उभी राहिली. पाय बधिर झाले. वरून पुन्हा हाक आली नाही.

दुपारी धुकं विरलं, तेव्हा त्यांनी दार उघडलं. अंगणात अनवाणी पावलं उमटली होती... दारापर्यंत, दारापासून शिडीपर्यंत. परतीचं पाऊल नव्हतं. तेरा पायऱ्यांपैकी खालच्या तीनच चिखलाने माखल्या होत्या.

सगळी टेकडी धुंडाळली. माणूस मिळाला नाही, प्रेतही नाही.

मानियस त्याच हिवाळ्यात गेले. "सूनबाई, मी घाई केली," हे त्यांचे अखेरचे शब्द.

ओपियाने शिडी हलवू दिली नाही. पुढच्या डिसेंबरात, पहिल्या धुक्याच्या सकाळी, चौथी पायरी माखलेली होती...

त्यापुढच्या वर्षी पाचवी.

शेजारणी म्हणत, "पोरंटोरं करतात गं." ओपिया वाद घालत नसे. दर वर्षी ती हौदात उभी राहायची. दर वर्षी शिडी एकदाच करकरायची.

"दर वर्षी एक पायरी, रे," ती मला सांगे. "त्याच्यासारख्या भित्र्याला किती जड जात असेल ते." मग माझा हात धरायची. "मी नसले, तर तू झेल. आणि हाक मारलीस की थांब. घाई करू नकोस."

गेल्या वर्षी बारावी माखली.

या शरदात आत्या गेली.

आज पहाटे उठलो, तो अंजिराचं झाड दिसत नव्हतं. अडसर लावला. हौदाचं पाणी सुरीसारखं लागतंय. दोर हातात आहे. वर जो कुणी आहे, तो माझा आतोबा आहे की आणखी काही, मला ठाऊक नाही. आत्यालाही कधी कळलं नाही.

शिडी मघाशी करकरली...

आता कौलं वाजताहेत.

मी त्याला नावाने एकच हाक मारली आहे.

थांबलो आहे.