सुगंधाबाईचा ‘हरी’

खुंटीवरचे टाळ काढायला देवाजीनं हात वर केला, तोच मागून दिव्यानीनं तो हात गच्च धरला.

“नका जाऊ बाबा जंगलात! माह्या गळ्याची आन हाय तुमाले…”

अकरा वर्षांत लेक पहिल्यांदाच चैत्रात माहेरी आली होती. माजरीला कोळसा खाणीतल्या माणसाच्या घरी दिलेली. दिवाळीला यायची, ओवाळून दुसऱ्या दिवशी गाडी धरायची. मोहफुलांच्या दिवसांत मात्र तिनं या गावात पाऊल टाकलं नव्हतं. लेक आपल्यावर रुसली आहे… देवाजीनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि रुसणार नाही तर काय!

पोंभुर्ण्याच्या बाजूच्या त्या लहानशा गावात देवाजी म्हणजे हक्काचा माणूस. कुणाची बाळंतीण अडो, कुणाचं मयत असो, सप्ताहाची पंगत वाढायची असो, धोतराचा काचा मारून देवाजी सगळ्यांच्या पुढे! आणि चैत्रात पहाटे बाया मोहफुलं वेचायला निघाल्या, की टाळ वाजवत पुढे चालायचा तोही देवाजीच. त्या नादानं वाघ-अस्वल वाट सोडतं म्हणून. कीर्तनातले बुवा सांगत, नाव देवाचं घ्यावं आणि लक्ष माणसांवर ठेवावं. देवाजीनं ते शब्द काळजावर कोरून घेतले होते. परतताना तो खणखणीत आवाजात म्हणायचा, “रामकृष्ण…” आणि झाडांमागून एकेक बाई ठरल्या क्रमानं ओ द्यायची, “हरी!” सगळ्यांत शेवटी सुगंधाबाई, त्याची स्वतःची कारभारीण. तिचा तो गोड, लांबवलेला ‘हरी’ कानी पडला की गावाकडे पाऊल उचलायचं, ही रीत. काय दिवस होते ते! टोपल्या भरलेल्या, ओल्या फुलांचा वास अंगाला, आणि वाटभर बायांच्या थट्टा…

आणि मग अकरा वर्षांमागची ती सकाळ.

सगळ्यांचे ‘हरी’ झाले. सतरा वर्षांच्या दिव्यानीचाही झाला. शेवटचा आला तो जरा दाबून काढलेला… पुन्हा दिव्यानीचाच! पन्नास टाळांतला एक बेताल टाळ ओळखणारा तो कान, पोटच्या पोरीचा आवाज ओळखणार नाही? देवाजीला हसूच आलं. माय मागं रेंगाळली असेल, बापाच्या बोलण्यातून लेक तिला वाचवतेय… येईलच मागून! आणि तो टाळ वाजवत पुढे निघाला.

पन्नास पावलंही झाली नसतील, तोच ती किंकाळी…

अस्वलाच्या तावडीतून सुगंधाबाई जीवानिशी सुटली. पण उजवा हात कायमचा अधू झाला आणि गळ्यावरच्या जखमेनं तो गोड आवाज कायमचा घोगरा झाला. “गावाच्या बाया मोजते, अन् घरची लक्ष्मी मोजाले भुलला!” फुलं वेचायला येणाऱ्या नीलाबाईनं बोअरिंगवर पाणी भरताना चार बायांत सुनावलं. देवाजी खाली मान घालून ऐकत राहिला. खरं सांगायचं तर लेकीचं नाव घ्यावं लागलं असतं! आणि पुढच्या चैत्रात तो पुन्हा टाळ घेऊन निघाला… त्याच नीलाबाईच्या पुढे.

“बाबा,” दिव्यानीनं धरलेला हात सोडला नाही, “माह्या पुनमनं शाळेत मैत्रिणीची खोटी हजेरी देल्ली. काल मी तिले लय मारलं. मारता मारता हातच थांबला… त्या दिवशी मायचा हरी मी देल्ला होता, बाबा! लोकं तुमाले बोलत राह्यले, अन् मी पापिणी मुकाट बसली!”

ती बापाच्या पायांवर कोसळली. देवाजीनं तिला उठवलं.

“मले माईत होतं, माय.”

“…काय?”

“तू पाळण्यात रडे तवापासून तुहा आवाज वळखतो मी. त्या दिवशीबी वळखला, हासलो, अन् पुढं चाललो. तू लेकरू होती. थांबाचं काम माहं होतं.”

“मंग सांगितलं काऊन नाई कोणाले?”

“गावानं मले सोडून तुले धरलं असतं, पोरी… अन् मले वाटे, तूच माह्यावर रुसली.”

बापलेकीच्या डोळ्यांतून अकरा वर्षं वाहत होती. तेवढ्यात चुलीपुढून घोगरा आवाज आला,

“झालं का दोघायचं? अकरा सालात मले कोणी इचारलंच नाई! मोठ्या झाडाखाली फुलायचा सडा पडला होता, सोडवेना म्हणून मीच थांबली. अस्वल काय तुमच्या पापाची पोथी वाचून आलं होतं?”

रडता रडता दिव्यानी खुदकन हसली. सुगंधाबाईनं डाव्या हातानं टोपली उचलली. “चाल व पोरी. आज मीबी येतो.”

उन्हं झाडांवर चढली तेव्हा टोपल्या भरल्या होत्या. देवाजीनं हाक दिली, “रामकृष्ण…” एकेक ‘हरी’ येत गेला. नीलाबाईचा आला, दिव्यानीचा आला, आणि रान शांत झालं. गेली अकरा वर्षं देवाजी सुगंधाबाईच्या ‘हरी’च्या या जागी क्षणभर थांबत असे. बायांना वाटे, म्हातारा दम घेतो…

आजही तो थांबला. दिव्यानीचे ओठ हलले. तिनं ते दातांखाली घट्ट धरले. नीलाबाईनं टोपली खाली ठेवली. कुणी पाऊल उचललं नाही.

आणि मोहाच्या झाडामागून, फाटका, घोगरा, पण तसाच लांबवलेला आवाज आला…

“हरीऽऽ! आली, आली! वाजवा आता टाळ, कायले खोळंबले?”

पण टाळ वाजवत निघायचं तर देवाजीला डोळे पुसल्याशिवाय वाटच दिसत नव्हती!