लिडिया गॅरोडचे ओले हात

माझा नवरा लंडनच्या पोलिसांत शिपाई होता. तो वारल्यावर चौकीत आणलेल्या बायकांची झडती घ्यायचं काम मला मिळालं. त्या काळी पोलिसांत बायका नव्हत्याच, म्हणून आमच्यासारख्या विधवांना बोलवायचे. इन्स्पेक्टर केटलवेल मला तिथूनच ओळखत. गणवेश न घालता, साध्या कोटात हिंडून गुन्हे शोधणाऱ्या पोलिसांची ती पहिलीच पिढी. लोकांना ते मुळीच आवडत नसत. चोर परवडला, पण घरात नाक खुपसणारा हा पोलीस नको, असं भली माणसं तोंडावर म्हणत.

एका नोव्हेंबरात ते माझ्याकडे आले आणि लिंकन गावी एका आंधळ्या म्हातारीची शुश्रूषा करायला जाल का, म्हणून विचारलं. म्हातारीचा मुलगा सायलस गॅरोड हा कापडाचा मोठा व्यापारी. त्याची बायको लिडिया उन्हाळ्यात नाहीशी झाली होती. ती कुणाचा तरी हात धरून अमेरिकेला पळाली, असं तो सांगे. लिडियाच्या बहिणीला ते पटत नव्हतं. पण गॅरोडच्या टेबलावर जेवणारा मॅजिस्ट्रेट त्याच्या घराच्या झडतीचा हुकूम कसा देणार? तेव्हा आत कुणीतरी राहायला हवं होतं.

घर टेकडीच्या चढावर होतं, कॅथेड्रल या गावच्या मोठ्या चर्चच्या खाली. गेल्या गेल्या जाणवली ती ओल. सगळ्या खोल्यांत शेगड्या धगधगत होत्या, तरी भिंतींना साचलेल्या पाण्याचा वास येत होता. आणि गॅरोड... त्या माणसाला एका जागी बसवत नव्हतं. उभ्यानंच जेवायचा. खुर्ची या खोलीतून त्या खोलीत ओढत न्यायचा, जरा टेकायचा, की लगेच कान देऊन उठायचा. त्याच्या बुटांचा आवाज ऐकून ऐकून मलाही स्वस्थता उरली नाही. विणायला घ्यावं तर टाके सुटत.

म्हातारी मात्र शांत होती. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी तिचा चहा घेऊन वर जाई. पहिल्याच दिवशी पाहिलं, तर तिचे केस विंचरून छान वेणी घातलेली. घरात बाई म्हणजे मी एकटी. धुण्याभांड्यांची बाई दुपारीच जायची, आणि म्हातारीचे हात संधिवातानं आखडलेले.

मी विचारलं, तर ती सहज म्हणाली, "सुनेनं घातली."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिचे केस मोकळे सोडले आणि चहा आणायला खाली गेले. परत आले, तर वेणी घातलेली. वेणीचं टोक ओलं होतं. खुर्चीच्या मागे फरशीवर पाणी सांडलं होतं आणि खोलीत तोच वास, आता अगदी जवळ.

इन्स्पेक्टर गावातच एका खानावळीत उतरले होते; त्यांना बाजारात गाठून मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. मॅजिस्ट्रेटपुढे वेणी ठेवता येणार नाही, म्हणाले. ती बाई कुठे आहे तेवढं कळलं, तर हुकूम मिळवायचं मी बघतो.

त्या संध्याकाळी मी म्हातारीच्या पायाशी बसले. खाली बुटांचा आवाज चालूच होता.

"बाईसाहेब," मी हळूच म्हटलं, "ती येते कुठून... विचारलंत कधी?"

तिनं माझा चेहरा चाचपला.

"तू नर्स नाहीस ना, पोरी?"

नाही, म्हणून मी कबूल केलं.

"मी आंधळी आहे, खुळी नाही. सायलसला फाशी देतील?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. ती पुढे जे बोलली ते इतकं हलकं, की मला कान तिच्या ओठांशी न्यावा लागला. "मोरीखालच्या जुन्या टाक्यात. त्यानं वरून फरशी बसवलीय. ती म्हणते, छातीवर फार भार येतो... माझ्याच पोटचा आहे तो. पण तिनं माझी सेवा केलीय गं."

ती फरशी घालणारा गवंडी कोण होता, हे केटलवेलनी शोधून काढलं. चांगली मोरी फोडून पुन्हा फरशी का घातली, याचं उत्तर गॅरोडला देता येईना. शेवटी हुकूम निघाला आणि फरशी उखडली. लिडिया खालीच होती. गॅरोडनं काही नाकारलं नाही. तिला बाहेर काढलं तेव्हा तो त्या घरात प्रथमच स्वस्थ बसला. भर उन्हाळ्यासारखं ऊन पडलेल्या एका सकाळी त्याला फाशी झाली. वर्तमानपत्रांनी केटलवेलची वाहवा केली. म्हातारीचं नाव कुठेच आलं नाही.

तिला कुणी ठेवून घेईना. खुन्याची आई! मी तिला लंडनला माझ्या खोलीवर आणलं. आता तिचे केस मी विंचरायची. लिडिया येते का, असं एकदा विचारलं.

"ती सुटली," म्हातारी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तिच्याबरोबरची मात्र आलीय."

"कोण, बाईसाहेब?"

"कुणास ठाऊक. ती बोलत नाही. लिडिया माझ्या मागे उभी असायची, ही दारातच थांबायची. आता इथल्या दारात असते."

मी केटलवेलना पत्र पाठवलं. त्यांनी ते टाकं तळापर्यंत उपसलं, तळघर खणलं, बाग खणली. काही सापडलं नाही. गॅरोडच्या आयुष्यात दुसरी कुणी बाई असल्याचंही कळलं नाही. म्हातारीच्या म्हणण्याकडे फार लक्ष देऊ नका, असं त्यांनी उलट कळवलं. पण त्यानंतर त्यांनी माझ्या खोलीवर यायचं टाळलं.

म्हातारी पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेली. तिला पुरून मी परतले, तर घरमालकीण मिसेस टब जिन्याच्या खाली दिवा घेऊन उभी होती. तिनं दोन शब्द सांत्वनाचे बोलून घेतले.

"बरं झालं, तुमच्या सोबतीला बहीण तरी आहे," ती म्हणाली. "जरा माणूसघाणी आहे, नाही? आत्ताच वर गेली. मी वाट दिली, तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली."

मला बहीण नाही. मी वर पाहिलं. खोलीला कुलूप लावून गेले होते मी... दार उघडं होतं.