पांढरीतली माती

निलंग्याकडच्या एका खेड्यात मनिषा कुंभाराचं घर चालवायची. तिची सासू भामाबाई पूर्वी लाल माठावर पांढऱ्या मातीची वेल काढायची. त्या मातीची खाण नव्या रस्त्याखाली गेली आणि वेलही थांबली. आता भामाबाईच्या डोळ्यांपुढं धुकं दाटत चाललं होतं. ते पुरतं दाटायच्या आत तिला तशी वेल पुन्हा दाखवायचीच, असं मनिषानं मनाशी पक्कं केलं होतं.

तशी माती सापडली जुन्या गावठाणात, पडक्या घरांच्या पांढरीत. तीस वर्षांमागं भूकंपात ते गाव पडलं, वाचलेली माणसं दूर जाऊन वसली. भर दुपारी मनिषा एका अर्ध्या भिंतीच्या बुडाशी बसून खुरप्यानं तिचीच पांढरी माती उकरत होती. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. रखरखत्या उन्हात कुठूनसा ओल्या राखेचा वास येत होता.

"चाळून घे, बाई... केस निघतील."

आवाज बाईचा. अगदी जवळून आलेला. मनिषानं भिंतीपलीकडं वाकून पाहिलं. नुसतं वाळलेलं गवत.

"कोण हाय?"

तिनं खुरपं पुन्हा चालवलं; घमेलं भरल्याशिवाय ती उठली नाही.

घरी माती पातळ कालवून तिनं फडक्यातून गाळली. फडक्यावर एक लांब केस राहिला. पुन्हा गाळली, पुन्हा एक. सातव्यांदाही तेच.

"गाळीन, पण सोडणार न्हाई," ती पुटपुटली.

आठव्यांदा फडकं कोरं निघालं. मग त्या मातीत बोट बुडवून तिनं पाच माठांवर वेली ओढल्या.

माठ भाजायला लावलेला आवा निवल्यावर ते बाहेर आले. लाल अंगावर पांढरी वेल खुलली होती. पण पानापानावरून एकेक बारीक काळी रेघ गेली होती, केस जळून उठावी तशी.

भामाबाईनं माठ डोळ्यांपाशी धरला. "लई गोड काढलीस, पोरी." मग तिचं बोट रेघेवर अडलं. "माती कुठली गं?"

मनिषानं सगळं सांगितलं.

"कुणाच्या तरी घरची भिंत ती... उकरून तशीच टाकून आलीस?"

"मी उकरली, मीच लिंपीन, आत्या."

दुसऱ्या दुपारी ती घरची माती आणि पाण्याची घागर घेऊन गेली. "तुमची भिंत लिंपायला आले, बाई," असं मोठ्यानं म्हणून तिनं हात चालवायला सुरुवात केली. थप... थप... जरा वेळानं पलीकडूनही थाप ऐकू आली. मनिषा थांबली. पलीकडची थाप थांबली नाही.

तिला उठून धावत सुटावंसं वाटलं. पण खड्डा अजून अर्धा होता. दात आवळून तिनं तो पुरता भरला, वरून हात फिरवला. त्याच क्षणी पलीकडं सामसूम झाली.

मनिषा वळसा घालून पलीकडं गेली. कुणी नव्हतं. गवताची काडीही तुडवलेली नव्हती. भिंतीवर मात्र ओला पांढरा लेप होता, जेमतेम वीतभर उंच.

बोटांचे फराटे जमिनीतून वर आले होते.