कपाळातली उघाडी

त्या पोलादी खोलीत आम्ही सहा जण बसलो होतो. दार बंद झालं, हवा आत सोडल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि दाब दाखवणारा काटा हळूहळू पुढे सरकू लागला. सगळे आवंढे गिळून कान मोकळे करायला लागले. माझ्या शेजारी आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, नाक चिमटीत धरून गाल फुगवत होते. ते ध्यान पाहून मी फिसकन हसले.

आणि तेवढ्यात उजव्या भुवईच्या वर कुणी दाभण खुपसावा तसं झालं. मी किंचाळले. त्याच क्षणी आबांच्या पिशवीत कड्‌कड् आवाज झाला. पाहते तर त्यांची रिकामी प्लॅस्टिकची बाटली चुरमडून गेली होती.

हवा सगळ्यांना सारखी, दाबही सारखा. मग त्रास दोघांनाच का झाला? मला आणि बाटलीला?

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आता शाळेच्या सहली समुद्राखाली जातात आणि मुलं तिथे जाऊन डबे खातात, त्यामुळे तुम्हाला नवल वाटणार नाही. पण तेव्हा आमच्या रायगडच्या किनाऱ्यासमोर एकच जलघर होतं (समुद्राच्या तळाशी बांधलेलं, हवा भरलेलं राहतं घर). दहा मीटर खोल. आई तिथे समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करायला गेली होती. नारळी पौर्णिमा झाली आणि ती खाली गेली. परतणार होती पावसाच्या तोंडावर. घरच्यांना भेटायला एकच फेरी ठरली होती, चैत्रात. पाण्याखाली जितका दाब असतो तितकाच त्या पोलादी खोलीत देऊन आधी परीक्षा घ्यायचे. जो पास, तो आईला भेटणार.

खोली चालवणाऱ्या काकांनी दाब हळूहळू उतरवला आणि दार उघडलं. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "सायनस झालाय वाटतं, हिला आधी डॉक्टरला दाखवा. अशी खाली नाही सोडता येणार."

घरी येताना आम्ही बांधावरून चाललो होतो. आमचं भालखार गाव खाडीच्या काठावर. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्या बांधाची राखण चिंबोरा करायचा. चिंबोरा म्हणजे सहा पायांचा, टोपलीएवढा रोबो. खेकडे, आमच्याकडच्या चिंबोऱ्या, बांधाला भोकं पाडतात आणि भोकांतून खारं पाणी शेतात शिरतं. म्हणून चिंबोरा प्रत्येक भोकात आपली बारीक नळी घालून आत बघायचा. नळीच्या टोकाला दिवा होता आणि इवलंसं भिंग.

"भोक तपासलं," तो सरकारी आवाजात म्हणाला. "आत एक चिंबोरी. नाराज आहे."

"आमची पण एक नाराज आहे," आबा म्हणाले. "नापास झाली बाय."

"कारण?"

"तिला सायनस झालाय म्हणतात."

"उपाय: सिमेंट," चिंबोरा म्हणाला. त्याच्याकडे सगळ्या भोकांवर तोच एक उपाय होता. मला इतकं रडू येत असूनही हसू आलं.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर मुकादम नावाच्या बाई होत्या. त्यांनी सीटी स्कॅन केला (हाडांच्या आतल्या जागा थराथराने दाखवणारं चित्र) आणि माझी कवटी पडद्यावर फिरवून दाखवली.

"सायनस होत नाही, ऊर्वी. सायनस असतोच," त्या म्हणाल्या. "मला आहे, तुझ्या आबांना आहे. कवटीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या आहेत त्या. कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मध्ये, अगदी आत मागेही. बघ, निरोगी पोकळी अशी काळी दिसते. काळी म्हणजे हवा."

माझ्या कपाळाची उजवी बाजू जवळजवळ सगळी राखाडी होती, काळं अगदी थोडं उरलं होतं.

"तिथे काय भरलंय?"

"श्लेष्मा. आपण शेंबूड म्हणतो तोच. नाकं मुरडू नका आबा, तो फार कामाचा असतो. धूळ, जंतू सगळं त्यात चिकटतं. पोकळीच्या अस्तरावर केसाहून बारीक तंतू असतात, ते सतत हलत राहतात आणि त्याला ढकलत ढकलत दारापर्यंत नेतात. दारातून तो नाकात येतो आणि नकळत आपण गिळून टाकतो. पण ते दार असतं एवढंसं." त्यांनी बोटाच्या पेरावर तांदळाच्या दाण्याएवढी जागा दाखवली. "सर्दीनं, धुळीच्या वावड्यानं अस्तर सुजलं की दार बंद. मग आतलं आत साचतं, कुजतं. कपाळ जड होतं, नाक चोंदतं, वास येत नाही."

"म्हणजे उघाडी तुंबली!" मी ओरडले.

डॉक्टरबाईंना उघाडी ठाऊक नव्हती. मग आबांनी सांगितलं. बांधात एक लाकडी झडप असते. ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं. तिच्या तोंडाशी गाळ साचला की शेतातलं पाणी शेतातच राहतं, आणि भात पिवळं पडून कुजतं.

"मग मला आता काय शिकवायचं राहिलं?" डॉक्टरबाई हसल्या.

"बाटलीचं राहिलं," मी म्हणाले आणि ती चुरमडलेली बाटली टेबलावर ठेवली. मी ती जपून आणली होती.

त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "हिचं झाकण लावलेलं होतं का?"

"हो."

"आणि नसतं तर?"

मी विचार केला. झाकण नसतं तर बाहेरची दाट झालेली हवा बाटलीत शिरली असती. आत आणि बाहेर सारखाच दाब झाला असता. बाटली चेपायचं काही कारणच उरलं नसतं.

"माझ्या कपाळाला झाकण लागलंय," मी सावकाश म्हणाले. "इतरांची दारं उघडी होती, त्यांच्या पोकळ्यांत हवा शिरली. माझ्या नाही शिरली."

"बरोबर. फक्त हाड बाटलीसारखं चेपत नाही, म्हणून आतलं मऊ अस्तर खेचलं जातं. ते दुखतं."

लगेच ऑपरेशन करा, असा मी हट्टच धरला. पण त्यांनी मान हलवली. आधी औषध. रोज कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं; पाणी उकळून निवलेलंच हवं. त्यानंतर सूज उतरवणारा फवारा. पुष्कळांचं एवढ्यानंच भागतं, म्हणाल्या.

माझं निम्मं भागलं. गालाच्या पोकळ्या मोकळ्या झाल्या, पण मार्गशीर्षात पुन्हा चित्र काढलं तेव्हा कपाळ राखाडीच होतं. दाराशी पॉलिप वाढला होता (सुजलेल्या अस्तराचा, सोललेल्या द्राक्षासारखा मऊ फुगवटा). तो फवाऱ्याला दाद देत नव्हता.

आता ऑपरेशन ठरलं, आणि आता मला नको होतं. शाळेत मैत्रिणीनं सांगितलं होतं की चेहरा उसवतात आणि डोळे काढून वाटीत ठेवतात.

"वाटीत!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग मी माझा चष्मा कुठे ठेवू?" पण नंतर त्या हसणं थांबवून माझ्यासमोर बसल्या. त्यांनी एंडोस्कोप दाखवला (टोकाला दिवा आणि भिंग असलेली बारीक नळी).

"हा तर चिंबोऱ्याचा डोळा!"

"त्याच घराण्यातला. हा नाकपुडीतून आत जातो. बाहेर कुठेही कापायचं नाही. तू गाढ झोपेत असशील. पॉलिप काढायचा, दार थोडं रुंद करायचं, झालं. यंत्राचा हात नळी स्थिर धरेल, चालवणार मी. डोळा आणि मेंदू तिथून जवळ आहेत हे खरं. म्हणून तुझ्या स्कॅनचा नकाशा पडद्यावर असतो आणि अवजार कुठे आहे ते क्षणोक्षणी दिसतं. इजा क्वचित होते. पण होऊच शकत नाही असं मी तुला सांगणार नाही."

"मग मला पुन्हा कधी सर्दी होणार नाही ना?"

"होणार की! पण दार उघडं असेल."

"आणि वास?"

त्यांनी नळी खाली ठेवली. "बहुतेक येईल. कधी, ते सांगता येत नाही. कुणाला सगळा परत येत नाही."

वासाबद्दल मी विचारलं, कारण आई जाताना आपली जुनी साडी माझ्या उशाशी ठेवून गेली होती. आबा म्हणत, साडीला आईचा वास येतो. मला त्या साडीचा कसलाच वास येत नव्हता.

ऑपरेशनचं मला एवढंच आठवतं: मास्क, डोक्यावरचा पांढरा दिवा, आणि लगेच आबांचा आवाज, "उठली गो बाय." मधला वेळ कुणी कापून नेल्यासारखा. घसा कोरडा होता, नाकाखाली कापसाची घडी होती, तिच्यावर थोडं रक्त. उशा रचून डोकं उंच ठेवलं होतं. फार दुखत नव्हतं. मोठी सर्दी झाल्यासारखं जड वाटत होतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, खाली वाकायचं नाही, पळायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. संध्याकाळी जलघरातून, पडद्यावर, आईनं माझा चेहरा जवळून न्याहाळला. "डोळे जागेवर आहेत हं," ती म्हणाली.

पण घरी आल्यावर नाक पहिल्यापेक्षाही जास्त चोंदलं. आत खपल्या धरल्या. मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं की काळपट-लाल असं काहीबाही बाहेर यायचं. आज बरं वाटेल, उद्या वाटेल, असं म्हणत आठवडा गेला, आणि एका सकाळी मी नाक धुण्याची बाटली अंगणात भिरकावली.

"फुकट गेलं सगळं!" मी आईला पडद्यावर सांगितलं. "मी नाही येणार. माझं नाव काढून टाक."

आईनं आबांकडे पाहिलं.

आबांनी बाटली उचलली, धुतली आणि कोनाड्यात ठेवली. मग म्हणाले, "चल, हळूहळू चल. उघाडी बघून येऊ."

गावानं आदल्याच दिवशी उघाडीचा गाळ काढला होता. झडप स्वच्छ होती, बिजागऱ्यांना तेल दिलेलं. ओहोटी लागली, झडप हलली आणि शेतातलं पाणी बाहेर पडायला लागलं. डांबरासारखं काळं! त्यात कुजका पेंढा, मेलेले मासे. आबांनी गमछा नाकाला लावला.

"पाणी: काळं," चिंबोरा म्हणाला. "वास: तक्रार करण्याजोगा."

"आबा, उघाडी तर साफ केली ना? मग हे काय?"

"साफ केली म्हणूनच तर हे दिसतंय. इतके दिवस आत होतं. पहिली ओहोटी गाळच आणते बाय. दुसरीपण. माणसानं दार उघडून द्यायचं, शेत धुवायचं काम पाण्याचं. ते काय एका दिवसात व्हायचं नाय."

मी बराच वेळ त्या काळ्या पाण्याकडे बघत उभी राहिले. मीठ घातलेलं पाणी एका नाकपुडीतून आत जातं, दुसरीतून बाहेर येतं. कोनाड्यातल्या त्या बाटलीत माझी भरती-ओहोटी होती, आणि मीच ती अंगणात फेकली होती.

घरी येऊन मी पाणी उकळायला ठेवलं.

पुढे रोज नाक धुतल्यावर मी उघाडीवर जायचे. पाणी काळ्याचं करडं झालं, करड्याचं मातकट. एके दिवशी त्यात बोटभर मासे पोहताना दिसले. त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी एंडोस्कोपनं उरलेल्या खपल्या काढल्या. थोडं झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. ते माझं दार होतं. गुलाबी, ओलं आणि उघडं. पलीकडे एक छोटीशी रिकामी खोली.

बांधावर चिंबोऱ्यानं विचारलं, "आत चिंबोरी आहे?"

"नाही."

"मग बांध ठीक."

शिमगा झाला, जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरबाईंनी पोलादी खोलीत बसायची परवानगी दिली. काटा सरकू लागला. मी आबांचा हात धरून दाभणाची वाट पाहत राहिले. कपाळात कुठेतरी हलकीशी शीळ वाजली. हवा आत शिरत होती! आबांची नवी बाटली या वेळी झाकण काढून मांडीवर ठेवली होती. तीही शाबूत होती.

वास मात्र अजून आला नव्हता.

चैत्रात आम्ही पाणबुडीतून खाली गेलो. काचेबाहेरचं पाणी आधी हिरवं, मग गढूळ झालं. गढुळात दिवे दिसले: जलघराशेजारी दुसरं, त्याहून मोठं घर उभं राहत होतं. "ते मुलांसाठी," पाणबुडीवाला म्हणाला. "पुढे शाळाच आणणार आहेत खाली."

जलघराची झडप उघडली. आई समोरच होती, बाह्या कोपरापर्यंत वर, हात गाळानं माखलेले. ती हात धुवायला वळणार, तेवढ्यात मी तिच्या पोटाशी डोकं खुपसलं. श्वास घेतला आणि थबकले.

"काय झालं? दुखतंय?" आई घाबरली.

"आई, तुला वास येतोय."

तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कसला?"

"खोबरेल तेलाचा. आणि गाळाचा. आई, अगदी घाण वास येतोय!"

आबा मोठ्यानं हसले. आई हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही. मी पुन्हा नाक खुपसलं होतं.