शुक्रवारचे ठिपके

मुरबाडहून वैशाखऱ्याकडे निघालेल्या जीपमध्ये कुणाली डोळे मिटून पुटपुटत होती, "तुमची मुलगी हुशार आहे, पण..."

"'पण' म्हटलंत ना, संपलं," शेजारून कुणीतरी म्हणालं. "पुढचं बाप ऐकणारच नाय."

तिनं दचकून पाहिलं. कारखान्यातली रात्रपाळी करून परतणारा तरुण. डोळे लाल, ओठांवर हसू. श्रावणापासून रोज सकाळी तो खिडकीची जागा तिला सोडायचा, आणि आज पहिल्यांदाच बोलला होता.

"मग काय म्हणायचं?"

"पोरीचं एक चांगलं सांगायचं नि गप बसायचं. बापाचा श्वास खाली येऊ द्यायचा."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"मला नाय, माझ्या पाठीला ठाऊक हाय. दर पालकसभेनंतर मार तिनंच खाल्लाय."

ती हसली आणि पुन्हा पुटपुटू लागली. शाळेच्या फाट्यावर ती उतरली. तो पुढच्या वाडीला जायचा.

कुणाली शहापूरची, बी.एस्सी. झालेली. शिक्षणसेवक म्हणून लागली तेव्हा पहिल्याच पालकसभेत तिनं सगळ्यांचे गुण सर्वांसमोर वाचून दाखवले होते. अगदी अचूक, अर्ध्या गुणासकट. दुसऱ्या दिवशी सगळ्यात कमी गुणांच्या कमळचं नाव तिच्या बापानं शाळेतून काढून टाकलं. आता कमळ शेळ्या राखते, आणि बाई दिसल्या की तोंड फिरवते.

म्हणून या वर्षी तिनं एकेका पालकाला वेगळं बोलावलं होतं. सगळ्यात शेवटी चौथीतल्या भिमीचा बाप, राघो. "आणखी एक तक्रार आली की पोर घरी," असं तो चारचौघांत सांगून बसला होता.

चार वाजता दारात सावली पडली. जीपमधला तोच!

"तुम्ही?"

"भिमीचा काका. संदेश." आता तो हसत नव्हता. "दादा येतोय मागून, मी पळत पुढं आलो. बाई, काय तक्रार असेल ती आधी मला सांगा. मी त्याला हळूहळू सांगेन."

चौकटीवरचा त्याचा हात थरथरत होता. तिचा टेबलाखाली.

तिनं आलेखाचा कागद पुढं सरकवला. रोज तोंडी पाच गणितं. जितकी बरोबर, तितक्या उंचीवर ठिपका. भिमीचे ठिपके सगळे वर होते... फक्त दर शुक्रवारी तळाला.

"शुक्रवारी ती बसल्या जागी पेंगते. का ते कळत नाही. विचारलं तर रडते."

तो कागदावर वाकला. त्याच्या शर्टाला यंत्राच्या तेलाचा वास होता. ती मागे सरकली नाही.

"गुरुवार," तो हळूच म्हणाला. "दादा-वहिनी भाजी घेऊन बाजारात जातात, यायला लई उशीर होतो. मी कामावर. तान्हं पोर हिच्या कडेवर. ते झोपत नाय, म्हणून ही पण..."

"काय केलं हिनं?"

दारात राघो. एका हातात भिमीचं मनगट, घट्ट धरलेलं.

कुणालीचं पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. "राघोदादा, बसा. भिमीइतकी भराभर गणितं वर्गात कुणालाच येत नाहीत." आणि ती गप्प राहिली.

राघो उभाच. बाहेर पिकलेल्या भातावर वारा सळसळत होता. एक... दोन... ती आपलेच श्वास मोजत होती. मग त्यानं मनगट सोडलं, टोपी काढली.

"आमच्या भिमीला?" म्हणत तो बाकावर टेकला.

तेव्हा तिनं शुक्रवार दाखवले, गुरुवार सांगितला. त्याचा चेहरा पुन्हा ताठरला. "म्हंजे चूक आमची?"

झालं, तिला वाटलं. आणखी एक कमळ.

"माझी सुट्टी मी गुरुवारी घेतो, दादा," संदेश मध्येच बोलला. "बारक्याला मी सांभाळतो."

"तुला अंगाई येते का रे?"

"नाय. पण मी गायला लागलो तर भ्यानं तरी झोपेल."

राघो हसू दाबत उठला. भिमीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला. "आता शाळा सोडायची नाय गो," म्हणाला आणि तिला घेऊन निघून गेला.

कुणाली खुर्चीत कोसळलीच. संदेश मात्र दारातच उभा.

"तुमचे हात अजून थरथरतात," तो म्हणाला.

"तुमचेही."

"माझे दादामुळं नाय..." तो चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिला. "दोन महिने असंच होतंय. तुमी फाट्यावर उतरता ना, मग जीप रिकामी वाटते. भरलेली असली तरी."

गाव लहान, नोकरी नवी, लोकांची तोंडं मोकळी. क्षणात तिला सगळं दिसलं. "शाळेत असलं बोलू नका," ती कुजबुजली.

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो, बाई." तो वळला, पायरी उतरला.

"गुरुवारी... घरी असाल ना?"

तो जागीच थांबला.

"भिमीचा अभ्यास बघायला यावं लागेल. गृहभेट असते आमची."

"रजिस्टरात लिहाल?"

"भिमीचं लिहीन." भीती कुठंच गेली नव्हती. तरी तिनं मान वर केली. "तुमचं... नाही लिहिणार."