मेंढरं आली का?

ऐन दिवेलागणीला सिडकोच्या चौकात आबा हात आडवे करून उभे! मागं बस, पुढं रिक्षा, "ओ चाचा, हटो ना!" असा नुसता कालवा. शालू धापा टाकत पोचली. मेंढरं विकून बापाला पिशोरहून शहरात आणलं होतं तिनं. पण दिवे लागले की त्याला कळप कोंडायची घाई व्हायचीच.

"आबा, कुठली मेंढरं? घरी चला—"

"सरक! गाभण मेंढी मागं ऱ्हायलीय."

तेवढ्यात तो रिक्षावाला तरुण खाली उतरला. "तीबी आली बगा आबा. चला आता."

आबा निमूट चालू लागले. शालूनं वळून पाहिलं... तो हसला, अन् हिचे कानच तापले.

तो आदिनाथ. मग रोज संध्याकाळी रिक्षा दारात.

"मेंढरं बघायला येता का?"

"मेंढरं कुठं दिसतात मला..." तो म्हणे. "मला दुसरंच दिसतं."

पण आबा दिवसेंदिवस निसटत होते. आधी चष्मा हरवायचा, मग गॅस चालू राहू लागला, मग सदऱ्याची बटणं लावता येईनात. आदिनाथनं लग्नाचं विचारलं तेव्हा शालू म्हणाली, "आबांनी व्हय म्हटल्याबिगर नाय. अन् त्यांना सोडूनबी नाय."

"सोडा म्हणतंय कोण? आपल्यापाशीच ऱ्हातील. आजच विचारतो."

"नको... डोकं ठिकाणावर असंल त्या दिवशी."

तो दिवस काही येईना. त्याआधी ते मलाच विसरले तर? ह्या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

अन् एका संध्याकाळी चहा घेता घेता आबांनी तिला न्याहाळलं. "कुनाची गं तू, बाई?"

झालं! उशीर झाला. शालू दाराआड जाऊन रडू लागली. आदिनाथ उंबऱ्यातच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आबांजवळ बसला.

"मेंढरं आली का?"

"आली आबा, सगळी."

आबा खूश झाले. हळूच म्हणाले, "ती पोरगी बगितली का? लई मायाळू. रोज जेवू घालती मला. तुझं लगीन झालंय?"

"नाय."

"मग कर की हिच्याशी!"

"पण... हिचा बाप नाय म्हनला तर?"

आबा ताडकन उठले. "कसा नाय म्हनंल? माजं पागोटं कुठंय? चल, आत्ता जाऊ. मी सांगतो त्याला!"

शालू डोळे पुसत बाहेर आली. खुंटीवरचं पागोटं काढून तिनंच त्यांच्या डोक्यावर नीट बसवलं.

"चला आबा," ती म्हणाली, "सांगा त्याला."