नुसत्या वासानं

"तुला माणसांपेक्षा शेवाळ जास्त आवडतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिनं हे विचारलं. तिघी प्रयोगशाळेच्या दाराशी तोंड दाबून उभ्या होत्या. वर्गात त्याला सगळे शेवाळ्याच म्हणत. त्यानं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, अगदी नीट विचार केला.

"माणूस कोण, त्यावर आहे. बघायचंय?"

तिनं डोळा लावला. इवलेइवले हिरवे ठिपके, एकेकटे. मग त्यानं दुसऱ्या बरणीतला थेंब ठेवला. शेवाळ तेच, पण इथं चार-चार पेशी एकमेकींना बिलगलेल्या. या बरणीत पाणपिसवा आहेत, शेवाळ खाणारे बारीक जीव, तो सांगू लागला. एकटी पेशी त्या गट्टकन गिळतात, चौघी चिकटल्या की तोंडात मावत नाहीत. उबेत हे चिकटणं झटपट होतं, गारठ्यात जरा निवांत.

मग दाराकडे बघत त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही चौघी कुणाला घाबरून चिकटता?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली.

"आज बाकीच्या कुठंयत?"

"इथं धोका वाटला नाही…" ती म्हणाली, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाली.

मग रोजचंच झालं. तो तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा. ती बरण्यांपेक्षा त्याच्या भिजलेल्या बाहीकडेच जास्त बघायची. घरी मात्र तिचं पुढचं सगळं ठरलेलं होतं. अकरावीला वाणिज्य, मग बाबांच्या हिशेबाच्या कचेरीतली खिडकीजवळची खुर्ची. विषय निघाला की ती नुसतं "हं" म्हणायची.

एकदा गप्पांच्या नादात तिनं पिसवांच्या बरणीतलाच ड्रॉपर साध्या बरणीत बुडवला. एकदा कसलं, रोजच. ज्यासाठी तो हे मांडत होता ते शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं आणि बघतात तर साध्या बरणीतही चौकड्या जमलेल्या.

"माझ्यामुळं वाटोळं झालं तुझं."

तो कितीतरी वेळ बरणीत शोधत राहिला. "यात एकही पिसू नाही," तो म्हणाला, आणि हसू लागला. "नुसत्या वासानं भ्यायल्या गं या! हेच मांडू आपण." मग ड्रॉपरशी चाळा करत म्हणाला, "उद्या येशील ना? नाही आलीस तर… बरण्यांना करमत नाही."

"बरण्यांना?"

"मला."

ती घरी आली ती तरंगतच. जेवताना बाबांनी खुर्चीचा विषय काढला, आणि "हं" ओठांवर आलेलं तिनं गिळलं. बाबा आजवर तिच्यावर कधी ओरडले होते? तिला आठवेना.

"मी वाणिज्य घेणार नाही," ती म्हणाली. "जीवशास्त्र घेणार."

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं विचारलं, "हे कुणाच्या नादानं?"

"शेवाळाच्या. आणि एक मुलगाही आहे… त्याचं नंतर सांगते. हे मात्र माझं एकटीचं ठरलंय."